पाहुणीसमोर बोललेलं एक वाक्य

माझी ताई अमेरिकेत खुर्च्या मांडते. तिच्या राजकारणाबद्दल कुणी विचारलं तर मी पूर्वी एवढंच सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ओहायोतल्या तिच्या लहानशा गावात कॉन्झर्व्हेटिव्ह विचारांच्या लोकांचा एक गट आहे. महिन्यातून दोनदा तो चर्चच्या हॉलमध्ये जमतो. सभेच्या घडीच्या खुर्च्या काढणं, मांडणं, नंतर पुसून पुन्हा रचून ठेवणं हे काम कित्येक वर्षं ताईकडे आहे. ती फार्मासिस्ट आहे. निवडणुकीच्या दिवसांत कामावरून सुटली की दारोदार पत्रकं वाटत फिरते आणि सभेला कोथिंबीर वडी करून नेते. तिथले लोक त्यांना ‘हिरवे चौकोन’ म्हणतात, आणि टेबलावरचे तेच आधी संपतात म्हणे.

मी हॅनोव्हरला राहते, गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करते. अमेरिकेतली ती माणसं मला दिसायची ती जर्मन टीव्हीवर. लाल टोप्या, ट्रकवर फडकणारे झेंडे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन ओरडणारं एखादं तोंड, आणि मागे भीती घालणारं संगीत. दर वेळी मी त्या गर्दीत ताईचा चेहरा शोधायचे आणि सापडला नाही की हुश्श करायचे. तिचं राजकारण मला तेव्हाही पटत नव्हतं, आज तर मुळीच नाही. इथे निवडणूक आली की आमच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर परक्यांना घरी पाठवा म्हणणारे फलक लागतात. शिडी घेऊन ते लावणारी माणसं दिसली की मी मुकाट्याने पलीकडच्या फूटपाथवर जाते. तसलीच माणसं तिकडे माझ्या बहिणीच्या हातच्या वड्या खातात, हे मनात आलं की मी टीव्ही बंद करायचे.

एकदा मी तिला सरळ विचारलं होतं, “ताई, त्यांना तू कशी चालतेस गं?”

“ते मला ओळखतात ना. आणि मी आले ती सगळे कागद नीट करून आले.”

“आणि ज्यांना ते ओळखत नाहीत त्यांचं काय?”

“तू टीव्ही कमी बघत जा,” ती म्हणाली आणि वड्यांना डाळीचं पीठ किती घालायचं त्यावर गेली.

ही ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई शाळेत शिकवायची, बाबा रेल्वेत होते, त्यामुळे नागपूरला असताना मला वाढवलं ते तिनेच. सातवीत मी गणितात नापास झाले तेव्हाची गोष्ट. घरी पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका काकांनी उगाच माझं कौतुक केलं, तर बाबा हसत म्हणाले, “कसली हुशार! आमची धाकटी म्हणजे नुसता दगड आहे हो.” मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी रडत बसले. ताईने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “वेडी का तू? पाहुण्यांसमोर तसंच म्हणतात. आपल्या माणसाचं कुणी कौतुक केलं की आपण त्याला नावं ठेवायची. मनावर नसतं घ्यायचं.” मी ते धडा म्हणून घेतलं आणि जन्मभर वापरलं. नवऱ्याला आळशी म्हटलं, घराला उकिरडा म्हटलं, पुरणपोळी छान झाली म्हणणाऱ्याला ती कशी बिघडली आहे ते समजावून सांगितलं. जर्मन माणसं यावर गोंधळतात, हे मला ठाऊक होतं. तरी सवय काही गेली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन बाई राहते. टीव्हीसाठी माहितीपट करते. जिन्यात भेट व्हायची, मग कॉफी, मग आम्ही एकमेकींना ‘डू’, म्हणजे अगं-तुगं, म्हणायला लागलो. अमेरिकेत निवडणूक जवळ आली तेव्हा तिला एक फिल्म करायला मिळाली. विषय असा की मोठे नेते सोडून द्या, गावागावात त्यांच्यासाठी राबणारी साधी माणसं कोण आहेत? जिन्यातच तिने मला सांगितलं, आणि मी चटकन बोलून गेले, “माझी बहीणच आहे की त्यांच्यात.” मला वाटलं, चला, एकदा तरी टीव्हीवर खुर्च्या दिसतील. खरं सांगते, माझा हेतू तेवढाच होता.

तिला मी शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. वरण-भात, भरली वांगी, कोशिंबीर. ताईबद्दल मी बरंच काही सांगितलं, चांगलंच सांगितलं. भावोजी गेल्यावर ती एकटीने कशी उभी राहिली, गावातल्या म्हाताऱ्यांच्या औषधाच्या पुड्या घरपोच कशा देते, सगळं. बाई भारावून गेली. म्हणाली, “परक्या देशात जाऊन सभेत उभं राहायचं म्हणजे तुझी बहीण फार शूर असणार.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “कसली शूर! वेडी आहे ती. तिच्या हातात माईक दिला तर गाव पेटवून येईल.”

मी हसले. ती हसली नाही. तिने चमचा खाली ठेवला, फोन काढून वरणाच्या वाटीशेजारी ठेवला आणि विचारलं, “हे पुन्हा एकदा म्हणशील? मी रेकॉर्ड केलं तर चालेल?” जेवायला बसलेल्या पाहुणीला नाही कसं म्हणायचं? विनोदाला निदान या वेळी दाद मिळेल म्हणून मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा खणखणीत. मग तिने हळूच विचारलं, “तुला तिची भीती वाटते?”

मी जर्मनमध्ये हो म्हणाले, “या. कधीकधी.”

पुढच्या आठवड्यात दारात उभ्याउभ्याच तिने संमतीचा फॉर्म दिला. घरमालकाचं, विम्याचं, आऊसलँडरबेह्योर्डेचं म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीचं कुठलंही पत्र मी तीनदा वाचते, डिक्शनरी काढून वाचते. हा कागद शेजारणीचा होता. न वाचता सही केली आणि उरलेली वांगी तिला डब्यात घालून दिली.

ती ओहायोला जाऊन आली. ताई फोनवर केवढी खूश होती! “अगं, किती चांगली माणसं आहेत! पाच दिवस माझ्या मागे होती. मी त्यांना रोज जेवायला घातलं.” तिने वर्णन करकरून सांगितलं. खुर्च्या मांडतानाचं शूटिंग झालं, दारोदार फिरतानाचं झालं. शाळेच्या बसचा रस्ता दुरुस्त करा म्हणून ती सभेत बोलली, तेही झालं. मग सहज म्हणाली, “फक्त माझ्या घरातल्या हॉलमधला बुद्ध त्यांनी बाजूला ठेवायला सांगितला. बघणाऱ्याचा गोंधळ होतो म्हणे. नंतर मी परत जागेवर ठेवला.” ही मूर्ती आईने सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली, ताईने पदराखाली झाकावी तशी जपून अमेरिकेला नेलेली.

“आणि त्याच्या शेजारचा अमेरिकन झेंडा?” मी विचारलं.

“झेंडा राहू दिला. तो मागे छान दिसतो म्हणाले.”

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. तिला काहीच खटकलं नव्हतं.

फिल्म दाखवायला तीन आठवडे होते तेव्हा शेजारीण जिन्यात भेटली. दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या, चेहरा आनंदाने फुललेला. म्हणाली, “तुझं वाक्य अप्रतिम आहे. शेवटच्या भागाची सुरुवात मी त्यानेच केली आहे.” मला आधी कळेचना कुठलं वाक्य. मग कळलं. मी तिच्यामागे अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यांपर्यंत गेले आणि तिथेच उभी राहून समजावायला लागले की ते तसं नव्हतं, आमच्यात पाहुण्यांसमोर असं म्हणतात, त्याचा अर्थ उलटा असतो.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “बरं. पण भीती वाटते का, असं मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस. त्याचाही अर्थ उलटा होता?”

पहिलं वाक्य पाहुण्यांसमोरचं होतं. दुसरं नव्हतं.

मी म्हटलं, निदान खुर्च्या तरी जास्त दाखव. ती म्हणाली, खुर्च्या कोण बघतं? आणि मग पिशवी डब्यात टाकत म्हणाली, “तुला वाटतं मी तुझ्या बहिणीला राक्षस करतेय. मला ती आवडली. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. आमच्या देशातही सुरुवातीला कुणीतरी खुर्च्याच मांडल्या होत्या. भली माणसं होती ती, केकसुद्धा आणायची.” मी तिच्यावर चिडायला गेले होते, आणि आता आम्ही दोघी घाबरलेल्या बायका कचऱ्याच्या डब्यांपाशी उभ्या होतो. फिल्म मंजूर झाली होती, आता काही बदलणार नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे, म्हणालीस तर तूच ना. मग ताईंना आधीच फोन करून सांगून टाक.” सल्ला बरोबर होता, म्हणूनच मी त्याच्यावर खेकसले.

ताईचा फोन दर रविवारी येतो. तीन रविवार मी मनाशी ठरवलं की आज सांगायचं. पहिल्या रविवारी ती म्हणाली, तिच्या गटातल्या सगळ्यांना ती फिल्म बघायला घरी बोलावणार आहे. दुसऱ्या रविवारी म्हणाली, चर्चच्या हॉलमधून वीस खुर्च्या मागून आणल्यात. तिसऱ्या रविवारी म्हणाली, “जर्मन आम्हाला काय कळणार? तू फोनवर राहा. तू मला मराठीत सांग, मी यांना इंग्रजीत सांगते. तू असलीस की मला धीर येतो.” मी बरं म्हटलं.

मला कशाची भीती होती ते सांगते. लोक तिला काय म्हणतील, कुणी तिच्या औषधांच्या दुकानात येऊन तमाशा करील का, हे होतंच. पण खरी भीती स्वार्थी होती. आई-बाबा गेल्यानंतर जगात मला कुठल्याही वेळी फोन करून काहीही बोलता येईल असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते मी माझ्या हाताने, वरणभात वाढता वाढता घालवलं होतं.

फिल्मचा रविवार उजाडला. इकडे संध्याकाळचे सात, तिकडे दुपारचा एक, चर्च सुटून सगळे थेट ताईकडे आलेले. चॅनेलची लिंक अमेरिकेत उघडेना, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला आणि टॅब्लेट आमच्या टीव्हीसमोर उभा केला. त्यांना टीव्हीचा पडदा दिसत होता, मी दिसत नव्हते. माझा चेहरा दिसत नाही हे त्या दिवशीचं माझं एकमेव भाग्य. तिकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, ताटल्यांचे आले, कुणीतरी “हाय, लिटल सिस्टर!” म्हणालं.

सुरुवातीला बरं गेलं. मका, रस्ता, चर्चचा मनोरा. ताई दिसली, कॅमेऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, “आम्ही सगळे मिळून काम करतो,” तशी तिकडे टाळ्या पडल्या. मी भराभर मराठीत सांगत होते, ताई इंग्रजीत सांगत होती. खुर्च्या आल्या, आणि मोजून चार सेकंदांत गेल्या. बसच्या रस्त्याबद्दलचं भाषण आलंच नाही. त्याऐवजी सभेतला एक लालबुंद माणूस परक्यांबद्दल ओरडताना आला, आणि त्याला लागूनच ताई, मान डोलवताना. मागे तेच संगीत सुरू झालं.

“अगं, हे असं नव्हतं,” ताई मराठीत पुटपुटली. “मला शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं होतं कॉफी ठेवली का. मी तिला मान हलवली.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते, बहुतेक दिवस. मग मनात येतं की तो माणूस ओरडला हे तर खरं, आणि कॉफी ठेवून झाल्यावर ती तिथेच बसून राहिली हेही खरं.

टीव्हीवर ताईचा हॉल आला. झेंडा होता, बुद्ध नव्हता. आणि त्या चित्रावर माझा आवाज आला.

“अगं, ही तू!” ताई ओरडली. “यू गाइज, दॅट्स माय सिस्टर!” तिकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी शीळ घातली. माझा जर्मन आवाज खणखणीतपणे बोलत होता, हसत होता, मग शेजारणीचा प्रश्न आला, मग माझं ते ‘या’. पुढे निवेदक बोलू लागला. मी भाषांतर केलं नाही.

“काय म्हणालीस? सांग ना,” ताई म्हणाली. “सगळे थांबलेत.”

खोटं सांगता आलं असतं. कोण तपासणार होतं? ताई खूप मेहनती आहे असं म्हटलं, एवढं बोलून सुटता आलं असतं. पण तिच्याशी मराठीत खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. मी टीव्हीकडे बघत म्हटलं, “ताई, मी म्हटलं, ती वेडी आहे. तिच्या हातात माईक दिला तर गाव पेटवून येईल.”

ताईचा आवाज आला, स्वच्छ, सभेत बोलते तसा. इंग्रजीत ती तिच्या माणसांना म्हणाली, “माझी बहीण म्हणते की मी बोलायला उभी राहिले की सगळं गाव ऐकतं. ती नेहमी माझं असंच वाढवून सांगते.”

ते सगळे हसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला रडू कोसळलं. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून मी पुढची दहा मिनिटं भाषांतर केलं. काय सांगितलं ते आठवत नाही.

माणसं गेली. ताईने फोन बंद केला नव्हता. मी टॅब्लेट माझ्याकडे वळवला. ती रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसली होती, मागे बुद्ध आपल्या जागेवर.

“ताई, पाहुण्यांसमोर म्हणतात तसं म्हटलं गं,” मी म्हटलं. “तूच शिकवलं होतंस.”

“कळलं मला. तेव्हाच कळलं.” ती हसली सुद्धा. “पण ती पाहुणी नव्हती गं. ती कामावर आली होती. तुला कळायला हवं होतं.”

“हो.”

“आणि शेवटी तू ‘या’ म्हणालीस. एवढं जर्मन मलाही कळतं. तिनं काय विचारलं होतं?”

मी लहान असताना ती असंच विचारायची, न रागावता, आणि मी सांगून टाकायचे. त्या सवयीनेच सांगून टाकलं. “तिनं विचारलं, तुला तिची भीती वाटते का?”

ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं. मग ती उठली. “बरं,” म्हणाली. “चल, मला हॉलच्या खुर्च्या परत करायच्यात.” फोन तसाच टेबलावर ठेवून ती एकेक खुर्ची मिटायला लागली. प्रत्येक खुर्ची मिटल्याचा खटका मी ऐकत बसले. वीस झाल्यावर तिने येऊन कॉल बंद केला.

आम्ही भांडलो नाही. अबोलाही धरला नाही. खालची शेजारीण जिन्यात भेटली की अजून विचारते, तुझी बहीण कशी आहे? मी म्हणते, चांगली आहे. त्याखेरीज तिला मी आता काहीच सांगत नाही. ताईचा फोन दर रविवारी येतो, ठरल्या वेळी. माझ्या तब्येतीची चौकशी करते, नवऱ्याला नमस्कार सांगते. गेल्या रविवारी मी विचारलं, “ताई, सभा कशी झाली?”

“छान झाली,” ती म्हणाली. “बरेच लोक आले होते. आम्ही सगळे मिळून काम करतो.”

फिल्ममध्ये कॅमेऱ्यासमोर उभी राहून ती माझ्या शेजारणीला हेच म्हणाली होती, याच आवाजात.